पोरांच्या चालीनं पावनखिंड

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर खुंटी आत जात नाही. पठारावर झाड नाही, म्हणून दुपारच्या जेवणाला सावली हवी तर ताडपत्री ताणावी लागते. गवताखाली माती असेल असं वाटतं, पण हातोडा मारला की खालून खणकन आवाज येतो आणि लोखंडी खुंटी वाकते. पुण्यामुंबईहून आलेले बाबालोक जोर लावून बघतात. भूगोलाच्या बाई थोडा वेळ बघू देतात, मग मुलांना म्हणतात, "जावा, दगडं आणा. दोर दगडालाच बांधायचा." मुलं पळतात आणि हाताला येतील ते दगड घेऊन येतात. तांबडे, खरबरीत, भोकाभोकांचे. त्यातलाच एक हातात घेऊन बाईंचा तास सुरू होतो.

"सकाळी गडाच्या चढावर दगड कसला बघितला?"

"काळा!"

"मग हा तांबडा कुठनं आला?"

उत्तरं येत राहतात. कुणाला ऊन लागून तांबडा झालाय असं वाटतं, कुणाला माती लागून. एकदा तिसरीतल्या एका मुलीनं दगडावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाली, "गंजलाय." बाईंना हे उत्तर फार आवडतं, कारण ते बरोबर आहे. जांभा म्हणजे हवा आणि पाण्यानं झिजलेला, गंजलेला काळा दगडच. लाखो वर्षं ऊन-पावसात भिजत-वाळत राहिला की काळ्या दगडातली वाळूची, चुन्याची द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात, मागं लोखंड आणि ॲल्युमिनियम उरतं. लोखंडानं तो तांबडा होतो. जिथं ॲल्युमिनियम जास्त साठलं, तिथं तो बॉक्साइट म्हणून खणला जातो; कोल्हापूरच्या पश्चिमेला, राधानगरी-शाहूवाडीकडच्या डोंगरमाथ्यांवर त्याच्या खाणी आहेत.

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात बाईंनी भूगोल शिकवला. दख्खनचं पठार कशापासून बनलं, या एका गुणाच्या प्रश्नाला ‘लाव्हारसापासून’ हे उत्तर लिहिणारी शेकडो मुलं त्यांच्या हाताखालून गेली. ती मुलं रंकाळ्यावर फिरत होती, अंबाबाईच्या देवळातल्या काळ्या खांबांना टेकून बसत होती, पंचगंगेच्या काळ्या मातीतला ऊस खात होती. पण उत्तरातला लाव्हा आणि पाठीला लागलेला खांब एकच, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. शाळेची सहल एका दिवसाची, पन्नास मुलं, दोन शिक्षक, शिट्टी वाजली की बसमध्ये. एवढ्यात काय दाखवणार? म्हणून बाईंनी मुलांऐवजी अख्खी कुटुंबंच न्यायला सुरुवात केली. आईबाप, पोरं, जमलं तर आजी-आजोबा. दिवाळीची सुट्टी, दोन मुक्काम, पाठीवर तंबू, आणि वाट पन्हाळा ते पावनखिंड.

ही वाट कोल्हापूरकराला नव्यानं सांगायला नको. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि शिवाजी महाराज चार महिने आत अडकले. १२ जुलैच्या रात्री भर पावसात ते राजदिंडीनं बाहेर पडले, शिवा काशीद यांनी शत्रूला गुंगवून प्राण दिले, आणि १३ जुलैला घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांनी वाट अडवून धरली ती महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी या गावांची नावं कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यासारखी पाठ असतात. दर वर्षी जुलैत हजारो माणसं ही पन्नासहून अधिक किलोमीटरची वाट चिखल तुडवत चालतात.

बाईंचं म्हणणं असं, की या वाटेचा इतिहास सगळे सांगतात, वाट मात्र कुणी सांगत नाही. पन्हाळा चार महिने तग धरू शकला तो कशावर? मसाई पठार इतकं सपाट का? खिंड इतकी अरुंद कशी? तिन्ही प्रश्नांचं उत्तर पायाखाली आहे, आणि ते वाचायला खाली बघत, रमतगमत चालणारं माणूस लागतं. असं चालायची सवय घरात फक्त लहान मुलांना असते.

म्हणून बाईंच्या तुकडीत सगळ्यांत पुढं सगळ्यांत लहान मूल असतं. त्याच्या मागं घरातली वयस्क माणसं, आणि दणकट बाबालोक शेवटी, ओझ्यासकट. पहिल्या तासात या बाबालोकांची फार चुळबुळ होते. ऑफिसात रोज पावलं मोजणारं घड्याळ हाताला असतं, आणि पुढं सहा वर्षांचं पोर गोगलगायीपाशी उकिडवं बसलेलं. बाई घाई करू देत नाहीत. पोर जिथं बसलं, तिथं तुकडी थांबते. मग कुणीतरी विचारतंच, की या दगडाला भोकं कसली आहेत. काळ्या दगडातली भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत मागाहून पाणी झिरपलं आणि पांढरे खडे तयार झाले. मुलांना ते हिरे वाटतात. बाई ते फोडू देत नाहीत, भिंगातून बघू देतात.

पन्हाळ्याच्या उतारावर नजर समोरच्या डोंगरावर गेली की पायऱ्या दिसतात. एक कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार. प्रत्येक कडा हा लाव्हाचा एक थर. तव्यावरून उतरवलेल्या भाकऱ्यांची चवड रचत जावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत, आणि खालची भाकरी आधीची. मुलांच्या डोळ्यांपुढं ज्वालामुखी म्हटलं की टोकदार डोंगर आणि वरून उडणारी आग असते. इथं तसं झालं नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. काळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. कोयना भागातल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे इथं खोल विहीर खणली, तेव्हा काळ्या दगडाची ही चवड सव्वा किलोमीटर जाडीची निघाली आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइट लागला.

माणसानं डोळ्यांनी पाहिलेला असा भेगेतला मोठा उद्रेक म्हणजे आइसलंडमधलं लाकी. जून १७८३ ते फेब्रुवारी १७८४ असा आठ महिने तिथं लाव्हा वाहिला, सुमारे १४ घन किलोमीटर. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली पाचव्या हिश्श्याच्या आसपास माणसं दगावली. दख्खनमधला एकेक मोठा लोंढा १,००० घन किलोमीटरच्या वर होता. महाबळेश्वरच्या बाजूच्या थरांशी जुळणारा दगड बंगालच्या उपसागराजवळ राजमहेंद्रीला सापडतो. पंचगंगेचं पाणी कृष्णेत मिळून ज्या किनाऱ्याला जातं, त्याच किनाऱ्याकडे एके काळी इकडून आग वाहत गेली होती. बाई हे सांगतात तेव्हा मोठी माणसंही गप्प होतात.

आणखी एक गोष्ट त्या फार अभिमानानं सांगतात, आणि ती प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत असायला हवी. हे थर नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, सगळेच काळे. १९८०च्या दशकात भारतातल्या आणि परदेशातल्या भूवैज्ञानिकांनी दगडांतली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजून थरांचे गट पाडले आणि त्यांना आपल्याकडच्या गावांची, घाटांची नावं दिली. जव्हार, इगतपुरी, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. महाबळेश्वरच्या वरच्या गटाचं नाव आहे पन्हाळा, आणि त्याच्याही वर बेळगावजवळचं देसूर. म्हणजे सह्याद्रीच्या या चवडीतली अगदी वरची, शेवटच्या काळातली भाकरी पन्हाळ्याच्या नावाची आहे. जगात कुठंही दख्खनच्या लाव्हावर निबंध लिहिला गेला की त्यात पन्हाळा येतो. एवढं नाव असून गडावर येणाऱ्या पर्यटकाला ते कुठं भेटत नाही. गडावर एक साधा फलक लागावा, अशी बाईंची फार इच्छा आहे.

दुपारी मसाईच्या देवळापाशी डबे सुटतात. पठार दिसेल तिथवर सपाट. जांभ्याची ही टोपी टणक असल्यामुळं खालचा डोंगर झिजायचा वाचला आणि माथा सपाट राहिला. पन्हाळ्याच्या माथ्यावर हाच जांभा आहे, आणि गडाचं पाणीही त्याच्याच जिवावर. जांभ्यातून पाणी झिरपत खाली जातं. खाली चिकणमातीचा थर आणि अखंड काळा दगड लागला की तिथं अडतं, साठतं आणि बाजूनं झऱ्यासारखं फुटतं. गडावरच्या विहिरी, तळी, अंधारबाव ही सगळी त्या साठ्यावरची. अंबरखान्यातलं धान्य आणि जांभ्यातलं पाणी नसतं, तर चार महिन्यांचा वेढा सोसवला नसता. बाजीप्रभूंचं नाव घेताना या दगडाचंही घ्यावं, असं बाई मुलांना सांगतात, आणि त्या हे अगदी मनापासून सांगतात.

तेच पाणी घातही करतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरच्या लोकांची वाट तुटली. झिरपलेल्या पाण्यानं चिकणमाती फुगते, निसरडी होते आणि वरचा भार घेऊन सरकते. मुलांना हे सांगावं की नाही यावर एका आईनं शंका काढली होती, पोरं घाबरतील म्हणून. बाईंचं मत असं की डोंगरात राहणाऱ्या पोरांना डोंगर कधी सरकतो हे कळलंच पाहिजे.

मुक्काम पठारावर कधीच नसतो. एक तर तिथं वारा अडवायला काही नाही. दुसरं, परतीच्या पावसाची वीज उघड्या माळावर माणसालाच शोधते. तिसरं कारण बाईंना सगळ्यांत मोठं वाटतं. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि गणपती-दसऱ्याच्या सुमाराला त्याच मातीत तेरडा, सीतेची आसवं, गेंद, किडे खाणारी दवबिंदू अशी फुलं येतात. सीतेची आसवंही चिमुकले जीव पकडून त्यांच्यावर जगतात, कारण या मातीत पोसायला काही नाही. दिवाळीत फुलं वाळलेली असतात, पण बी तिथंच पडलेलं असतं. त्यावर चूल पेटवली, तंबूसाठी जमीन खरवडली, की पुढच्या वर्षी तेवढा तुकडा बोडका. म्हणून पठार उतरायचं आणि खालच्या वाडीत, मालकाला विचारून, रिकाम्या शेतात किंवा शाळेच्या आवारात तंबू ठोकायचे. तिथं मुरूम-माती आहे, खुंटी बसते.

वाडीत या दिवसांत भाताची कापणी-मळणी चाललेली असते. दिवेलागणीला एखादी आजी कुंपणाशी येऊन तंबूंकडं बघत उभी राहते. "आवं बाई, पोरास्नी आत घ्या की घरात. रातच्याला गवं येत्यात इकडं." गवे खरंच येतात, उभ्या पिकासाठी. बाई आजींचं ऐकतात. अगदी लहान पोरं आणि त्यांच्या आया घरात झोपतात, बाकीचे अंगणाला लागून तंबूत. रात्री कुणी एकट्यानं उठायचं नाही, उठायचं तर बत्ती आणि सोबत, हा नियम. जेवण वाडीतच सांगितलेलं असतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी-भात. त्याचे पैसे मागं लागून द्यावे लागतात. शहरातली जी मुलं घरी भाजीवरून रुसतात, ती इथं तिसरी भाकरी मागतात. चालण्याची भूक वेगळीच असते.

जेवणानंतर सगळे गोल बसले की एक प्रश्न हमखास येतो. ज्वालामुखी परत फुटेल का? विचारतं पोर, पण उत्तराकडं कान मोठ्यांचे असतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारे आजोबा असले तर त्यांचे जास्तच. बाई जमिनीवर काडीनं भारत काढतात आणि खाली, हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला एक ठिपका देतात. तो रियुनियन बेट. दख्खनचा लाव्हा ज्या खोल उष्ण जागेवरून आला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, ती जागा आज त्या बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. आपली जमीन सरकत सरकत उत्तरेला आली, चूल मागं राहिली. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा. कोयनेचे धक्के लाव्हाचे नाहीत, जमिनीतल्या जुन्या भेगांवर पडणाऱ्या ताणाचे आहेत, आणि धरणातल्या पाण्याचाही त्यात हात आहे. हे ऐकून पोरं निवांत झोपतात.

डायनासोर कशानं मेले, हा पोरांचा दुसरा प्रश्न मात्र एवढ्यावर मिटत नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाचा पट्टा दिसला की बाई तिथं थांबवतात. एक लोंढा येऊन थिजला, त्यावर ऊन-पाऊस लागून माती झाली, मग पुढचा लोंढा आला आणि ती माती खाली भाजून निघाली. हा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांमधल्या शांततेचा काळ. २०१९ मध्ये दोन शास्त्रज्ञ गटांनी दख्खनच्या थरांचं नेमकं वय काढलं. एका गटानं अशाच तांबड्या पट्ट्यांतून झिर्कॉनचे सूक्ष्म कण वेचले, दुसऱ्यानं काळ्या दगडातल्याच स्फटिकांमधला आर्गॉन मोजला. दोघांचं इतपत जमलं की सगळा मोठा उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला. पण मेक्सिकोत अशनी आदळण्याआधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर त्यांचं एकमत झालं नाही. डायनासोर अशनीनं मेले, लाव्हाच्या वायूंनी मेले की दोन्हींनी, हा वाद पन्हाळ्याभोवतालच्या या दगडांवरून अजून चालू आहे. पाचवीतल्या एका मुलानं यावर विचारलं होतं, "म्हंजे शास्त्रज्ञांनापण उत्तर येत न्हाई?" बाई म्हणाल्या, "न्हाई. तू शोध."

पावनखिंडीत तुकडी तिसऱ्या दिवशी पोचते. इथं गजापूरच्या बाजूनं उगवणाऱ्या कासारी नदीचं पाणी काळ्या दगडात उतरलेलं आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पन्हाळा तालुक्यातच बांदिवड्याला या भेगांनी दगडाचे कोनदार खांब झालेले दिसतात. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे तेच. पाणी अशा भेगेत शिरलं की बाजूला पसरत नाही, खाली खाली उतरत जातं. म्हणून पात्र अरुंद, कडे उभे. खिंडीच्या पोटात उभं राहून मुलं दोन्हीकडच्या भिंतींवर हात ठेवतात, आणि थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला इथं का अडवलं, हे त्यांना सांगावं लागत नाही. बाई इथं कमी बोलतात. स्मारकापाशी फुलं वाहायची, पाणी प्यायचं. हीच कासारी पुढं कुंभी, तुळशी, भोगावतीला मिळून पंचगंगा होते आणि कोल्हापूरच्या घाटाला लागते, एवढं सांगितलं की पुरे.

जुलैच्या मोहिमेबद्दल बाईंना आदर आहे. पावसात, चिखलात, त्याच तिथीला ती वाट चालण्याची आस त्यांना कळते. मोठ्या मुलांना आणि तरुणांना त्या मोहिमेत जरूर न्यावं असं त्या म्हणतात. पण लहान पोरांना त्या गर्दीत नेऊ नये, यावर त्या ठाम आहेत. धुकं उतरलं की मसाई पठारावर दहा पावलांपुढचं दिसत नाही, ओढे तासाभरात चढतात, आणि गर्दीच्या चालीत पोराला थांबायला मिळत नाही. शिवाय मागं राहणारा कचरा. प्लॅस्टिकचे पेले, फाटके रेनकोट, चपलांचे तुकडे भाताच्या लावणीत वाहून जातात आणि वाडीतल्या बायांना चिखलातून वेचावे लागतात. ज्यांनी आपल्याला भाकरी घातली त्यांच्या शेतात कचरा टाकायचा, याचा राग बाईंच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतो, आणि तो रास्त आहे.

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. गर्दी आता वाढणार हे नक्की. हॉटेलं, वाहनतळ, रस्ते यांची मागणीही येणार, आणि रस्ता रुंद करायचा म्हणजे डोंगराची कूस कापायची. बाईंना वाटतं, किल्ल्याचा वारसा जपायचा तर तो ज्या दगडावर उभा आहे त्याचं पाणी कुठून झिरपतं, माती कुठं सरकते, हे आधी बघितलं पाहिजे. पठारावर गाड्या चढू देऊ नयेत, मुक्कामाची सोय वाड्यांमधून व्हावी आणि त्याचे पैसे वाड्यांना मिळावेत, म्हाताऱ्यांना आणि पोरांना जमेल अशी वाट टप्प्याटप्प्यानं आखावी.

सध्या त्या अशाच एका नकाशावर काम करत आहेत. पन्हाळ्यापासून पांढरपाण्यापर्यंत कुठं काळा थर सुटतो, कुठं जांभा लागतो, कुठं तांबडा पट्टा दिसतो, कोणत्या झऱ्याला मार्चपर्यंत पाणी असतं, कुणाच्या अंगणात विचारून तंबू टाकता येतो, हे सगळं त्यावर आहे. वाडीतली शाळकरी पोरं झऱ्यांची नोंद ठेवतात. दर महिन्याला जाऊन घागर भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहितात. शहरातून आलेल्या कुटुंबांना पुढच्या दिवाळीपासून वाट हीच पोरं दाखवणार आहेत.